दीपोत्सवाचा सूत्रधार
विद्युत्माळांचा कंट्रोलर कसा निवडावा?

त्रिपुरारी पौर्णिमेच्या सायंकाळी देवालयापुढील दीपस्तंभ उजळतो, तेव्हा त्यास कोणतेही यंत्र चालवीत नाही. तेलवात घालून सिद्ध ठेवलेल्या पणत्या, हाती काकडा घेतलेली चार-सहा माणसे, आणि खालच्या थरापासून वरच्या थरापर्यंत हळूहळू चढत जाणारा प्रकाश, एवढाच त्याचा सरंजाम असतो. कोणता दिवा आधी लावावा व कोणता मागून, हे लावणाराच्या हातास ठाऊक असते. एखादी पणती वाऱ्याने विझली तरी शेजारची जळत राहते, आणि विझलेली पुन्हा लावता येते. मंगेशीच्या देवालयापुढील सात मजली दीपस्तंभ ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे अधिक विस्ताराने सांगावयास नको.

गेल्या त्रिपुरीस आपल्याकडे जे घडले, ते अनेक सभासदांनी प्रत्यक्ष पाहिले आहे. शिखरावर व सभामंडपाच्या पागोळीस प्रथमच रंग बदलणाऱ्या माळा सोडल्या होत्या. पालखी बाहेर पडण्याच्या सुमारास शिखराचा वरचा अर्धा भाग अंधारला आणि खालचा अर्धा तांबड्या रंगात एकसारखा लुकलुकू लागला. ज्या मुलाने ती रोषणाई जुळविली होती, तो दुसऱ्या गावच्या कामावर निघून गेला होता. लुकलुक थांबवावी कशी, हे मंडळींपैकी एकासही ठाऊक नव्हते. अखेरीस कोणीतरी मुख्य खटका ओढला. त्याबरोबर सभामंडपाचे दिवे गेले, ध्वनिक्षेपक गेला, आणि त्या अंधारात एक वृद्ध भगिनी पायरीवरून घसरल्या. त्यांना फारशी दुखापत झाली नाही, ही श्रींची कृपा. परंतु कृपेवर विसंबून पुढील वर्षीची व्यवस्था करता येणार नाही.

यंदा संस्थेने स्वतःच्या माळा व स्वतःचा कंट्रोलर घ्यावयाचे ठरविले आहे. सभासदांच्या वर्गणीतून हा खर्च होणार असल्यामुळे हा विषय सर्वांना समजावा, विशेषतः तरुण मंडळींनी तो अभ्यासून पुढे यावे, या हेतूने हा पाठ लिहीत आहोत. कंट्रोलर निवडताना आपण एक पेटी विकत घेतो, असे वरवर वाटते. वस्तुतः उत्सवाच्या रात्री प्रकाशाची जबाबदारी कोणाच्या हाती राहील, हे आपण त्या वेळी ठरवीत असतो. पुढील सर्व विवेचन या एका गोष्टीभोवती आहे.

१. साधी माळ आणि पिक्सेलची माळ

उत्सवासाठी विजेच्या दिव्यांची माळ वापरण्याची कल्पना अमेरिकेत नाताळाच्या निमित्ताने निघाली. १८८२ साली न्यूयॉर्क येथे एडिसनचे सहकारी एडवर्ड जॉन्सन यांनी आपल्या घरातील नाताळवृक्षावर तांबडे, पांढरे व निळे असे ८० विद्युद्दीप लावले आणि तो वृक्ष फिरता ठेवला. पुढे अशा माळा जगभर गेल्या आणि आपल्या गणेशोत्सवात, दिवाळीत व जत्रेत रुळल्या. या माळेला आपण 'सिरीज' म्हणतो. तिच्यातील सर्व दिवे एकदम पेटतात व एकदम विझतात. फार तर दोन-चार माळा आळीपाळीने चालू-बंद करून प्रकाश धावत असल्याचा भास निर्माण करता येतो.

एलईडी दिव्यांत तांबडा व हिरवा रंग पूर्वीपासून होता; तेजस्वी निळा मात्र १९९३ च्या सुमारास जपानमध्ये साधला. त्या संशोधनासाठी अकासाकी, अमानो व नाकामुरा यांना २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. निळा मिळाल्यामुळे तांबडा, हिरवा व निळा हे तीन प्रकाश मिसळून एकाच दिव्यातून हवा तो रंग काढता येऊ लागला. पुढे अशा प्रत्येक दिव्यास एक सूक्ष्म चिप जोडली गेली. डब्ल्यूएस२८११ हे अशा चिपचे बाजारातील सर्वपरिचित नाव होय. चिप जोडलेल्या या दिव्यास 'पिक्सेल' म्हणतात. माळेतील प्रत्येक पिक्सेलला निराळा हुकूम देता येतो, आणि हे हुकूम देणारी पेटी म्हणजे कंट्रोलर.

नाताळाच्या रोषणाईचा हा छंद अमेरिकेत किती वाढला, याचे एक उदाहरण प्रसिद्ध आहे. ओहायो राज्यातील मेसन या गावी २००४ साली एका गृहस्थांनी आपल्या घरावर सुमारे १६ हजार दिवे लावून ते संगीताच्या तालावर नाचविले. त्यांच्या कंट्रोलरला एकंदर ८८ वाहिन्या होत्या. म्हणजे १६ हजार दिव्यांचे केवळ ८८ गट करून त्यांना हुकूम दिला जात असे. पिक्सेलमध्ये मात्र प्रत्येक दिव्यास तीन रंगांच्या तीन वाहिन्या लागतात. आपल्या देवालयास १,२०० पिक्सेल लावावयाचे म्हटले, की ३,६०० वाहिन्या झाल्या. कंट्रोलरच्या निवडीस जे महत्त्व आले आहे, ते या वाढीमुळे. त्या गृहस्थांची कथा येथे संपत नाही. बघ्यांच्या वाहनांची इतकी गर्दी होऊ लागली, की २००५ च्या डिसेंबरात तो कार्यक्रम त्या घरी बंद करावा लागला. रोषणाई यशस्वी झाली, तरी शेजारधर्माचा विचार सुटत नाही, एवढा बोध त्यातून घ्यावा.

२. हुकूम कसा पोहोचतो?

पिक्सेलच्या माळेस बहुधा तीन तारा असतात. दोन विजेच्या व एक हुकुमाची. हुकुमाची तार एका पिक्सेलमधून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात अशी जाते. महाप्रसादाच्या पंगतीत वाढप्याने सारे भांडे पहिल्या पानापाशी ठेवावे, पहिल्याने त्यातून आपल्या वाट्याचे काढून घेऊन उरलेले पुढे सरकवावे, दुसऱ्याने तसेच करावे. हुकुमांचे वाटप अगदी याच रीतीने होते. यातील गुण असा, की शेकडो दिव्यांस एकच तार पुरते. दोषही त्यातच आहे. पंगतीतला एक जण भांडे अडवून बसला, तर त्यापुढील सर्व उपाशी राहतात. एक पिक्सेल बिघडला, की त्याच्या पुढच्या दिव्यांना हुकूम पोहोचत नाही. गेल्या वर्षी शिखराचा वरचा भाग अंधारला, त्याचे कारण हेच असावे. यावर उपाय म्हणून डब्ल्यूएस२८१५ यासारख्या प्रकारांत हुकुमाची दुसरी, राखीव तार असते. एखादाच पिक्सेल गेला, तर पुढची माळ चालू राहते.

आता वेळेचा हिशेब पाहू. प्रत्येक पिक्सेलला २४ अंशांचा हुकूम लागतो. तांबड्यास ८, हिरव्यास ८ व निळ्यास ८. प्रत्येक अंशास १.२५ मायक्रोसेकंद, म्हणजे सेकंदाच्या दहा लक्षांश भागाच्या सव्वापट, इतका काळ जातो. तेव्हा एका पिक्सेलला ३० मायक्रोसेकंद, आणि १,००० पिक्सेलच्या माळेला ३० मिलिसेकंद. डोळ्यास प्रकाशाची हालचाल अखंड वाटावयाची, तर सेकंदास निदान २० वेळा चित्र बदलले पाहिजे. ४० वेळा बदलल्यास उत्तम. २० वेळांसाठी दर खेपेस ५० मिलिसेकंद मिळतात, ४० वेळांसाठी २५. यावरून एका तारेवर ८०० च्या आत पिक्सेल ठेवले, तर प्रकाश मऊपणे वाहतो. १,६०० च्या पुढे गेल्यास तो अडखळू लागतो. विक्रेता 'हा कंट्रोलर २,००० दिवे चालवितो' असे म्हणेल, तेव्हा ते एका तारेवर की चार तारांवर, हा प्रश्न अवश्य विचारावा. चालविणे आणि नीट चालविणे यांत अंतर आहे.

३. कंट्रोलरचे तीन प्रकार

पहिला प्रकार कार्डाचा. टी-१०००एस या नावाचा कंट्रोलर आपल्याकडील मांडववाल्यांत व सजावटकारांत फार प्रचलित आहे. संगणकावर रोषणाईचा कार्यक्रम आखावयाचा, तो लहानशा एसडी कार्डावर उतरवावयाचा, आणि कार्ड पेटीत घालावयाचे. पेटी स्वस्त असते, वीज दिली की आपोआप सुरू होते, आणि तिला इंटरनेट अथवा वायफाय लागत नाही. परंतु कार्यक्रमात बदल करावयाचा म्हणजे संगणक व जाणकार माणूस दोन्ही हवे. पालखी निघाली म्हणून प्रकाश मंद करावा, हे तिला सांगता येत नाही, कारण ती कार्डावर लिहिलेलेच म्हणत राहते. आणि एका पेटीच्या एका तारेवर २,०४८ पर्यंत दिवे जोडता येतात असे सांगितले जात असले, तरी वरील हिशेबाने तेवढ्यांना ६१ मिलिसेकंद लागतात. म्हणजे सेकंदास जेमतेम १६ चित्रे. हा प्रकार घेतल्यास तारेवर कमी दिवे ठेवावेत, आणि त्याच कार्यक्रमाचे दुसरे कार्ड लिफाफ्यात घालून कार्यालयात ठेवावे.

दुसरा प्रकार लहान वायफाय पाट्यांचा. ईएसपी३२ ही चिप २०१६ पासून बाजारात आहे. तिच्यावर डब्ल्यूएलईडी नावाची विनामूल्य प्रणाली चढविली, की काही शे रुपयांच्या पाटीतून पिक्सेलचा चांगला कंट्रोलर तयार होतो. मोबाईलवर तिचे पान उघडते. तेथे रंग, तेज व गती ठरवून ती मांडणी नाव देऊन साठविता येते. वीज आल्यावर कोणती मांडणी आपोआप लागावी, किती वाजता कोणती बदलावी, हेही आधी सांगून ठेवता येते. विजेचा कमाल प्रवाह किती असावा, हा आकडा भरल्यास ती आपण होऊन तेज कमी करते. हा तिचा आम्हांस मोठाच गुण वाटतो. दोष दोन आहेत. पाटीतून निघणारा हुकूम ३.३ व्होल्टचा, दुर्बळ असतो. त्यास ५ व्होल्टपर्यंत उचलणारी ७४एएचसीटी१२५ सारखी चिप मध्ये नसेल, तर काही फुटांवरच तो चुकू लागतो व दिवे वेडेवाकडे लुकलुकतात. दुसरा दोष असा, की नव्या पाटीचे वायफायचे नाव व परवलीचा शब्द ठरलेला आणि सर्वश्रुत असतो. तो बदलला नाही, तर जत्रेस आलेले कोणतेही खोडकर पोर शिखर जांभळे करून जाईल.

तिसरा प्रकार मोठ्या यंत्रणेचा. याचा कंट्रोलर जाळ्याच्या केबलने जोडला जातो. त्यास १६ किंवा अधिक मार्ग असतात आणि प्रत्येक मार्गास निराळा फ्यूज असतो. एक्सलाइट्स या विनामूल्य प्रणालीत संपूर्ण इमारतीचे चित्र मांडून, संगीताच्या मात्रेमात्रेवर दिवे बसवितात. नंतर तो कार्यक्रम रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावरील फाल्कन प्लेअर वाजवितो. हुकूम ई१.३१ नावाच्या भाषेत जातात. रंगमंचाच्या दिव्यांसाठी १९८६ साली डीएमएक्स५१२ ही रीत ठरली, ई१.३१ ही त्याच रीतीची केबलवरून जाणारी आवृत्ती. हिच्या एका गठ्ठ्यात ५१२ वाहिन्या असतात. त्यास 'युनिव्हर्स' म्हणतात, आणि त्यात १७० पिक्सेल बसतात. या यंत्रणेने जे साधते, ते वरील दोहोंनी साधत नाही, यात शंका नाही. परंतु एका गीताचा कार्यक्रम बसविण्यास जाणत्या माणसाच्याही कित्येक संध्याकाळी जातात. संगीतावर नाचणारी रोषणाई देवालयास हवी आहे काय, हा प्रश्न आधी सोडविल्याखेरीज या खर्चात पडू नये.

कोणताही प्रकार निवडला तरी एक कसोटी लावावी. कंट्रोलरला सर्वांना समजणारी खुली भाषा येते काय? डब्ल्यूएलईडीची पाटी ई१.३१ समजते, म्हणून आज एकटी चालणारी पाटी उद्या मोठ्या यंत्रणेत सामील होऊ शकते. जी पेटी केवळ आपल्याच कारखान्याची भाषा बोलते, ती बिघडली की तिच्याबरोबर सारा कार्यक्रमही जातो.

४. विजेचा हिशेब

कंट्रोलर हुकूम देतो. दिवे पेटवितो तो एसएमपीएस. २३० व्होल्टची घरगुती वीज तो १२ किंवा ५ व्होल्टवर आणतो. माळेच्या वेष्टनावर प्रत्येक पिक्सेलचा खर्च दिलेला असतो. १२ व्होल्टच्या पिक्सेलचा खर्च पूर्ण पांढऱ्या प्रकाशात ०.७ वॅट धरू. १,२०० पिक्सेलचे ८४० वॅट झाले. ३५० वॅटच्या एसएमपीएसवर त्याच्या शक्तीच्या आठ दशांशापेक्षा अधिक, म्हणजे २८० वॅटपेक्षा अधिक भार टाकू नये. तेव्हा एकत्र मांडणीस असे तीन लागतील. दिवे तीन ठिकाणी विभागले, तर प्रत्येक ठिकाणचा हिशेब स्वतंत्र करावा.

८४० वॅट हा आकडा लहान दिसतो. एका इस्त्रीचा भारही त्याहून अधिक असू शकतो. परंतु १२ व्होल्टवर त्याचा प्रवाह ७० अँपिअर होतो, आणि तार तापते ती प्रवाहाने. १०० पिक्सेलना सुमारे ६ अँपिअर लागतात. १ चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेतून एवढा प्रवाह १० मीटरवर नेला, तर जाण्या-येण्यात सुमारे २ व्होल्ट वाटेतच खर्च होतात. १२ पैकी २ गेले तरी निभावते. ५ व्होल्टच्या माळेत ५ पैकी २ गेले, तर टोकाचे दिवे तांबूस पडतात, कारण निळ्या प्रकाशास तांबड्याहून अधिक व्होल्ट लागतात. टोकाला पांढऱ्याचा पिवळसर अथवा तांबूस रंग दिसू लागला, की बिघाड कंट्रोलरचा नसून विजेच्या टंचाईचा आहे, हे ओळखावे. अशा वेळी जाड तारेने मध्ये-मध्ये वीज पुरवावी लागते. शिखरासारख्या उंच व लांबच्या जागी म्हणूनच १२ व्होल्टच्या माळा बऱ्या. दोन एसएमपीएस असतील, तर त्यांच्या ऋण तारा एकत्र जोडाव्यात, धन तारा कदापि जोडू नयेत. कंट्रोलरची ऋण तारही त्यांच्याशी जोडलेली हवी, नाहीतर हुकूम पोहोचत नाही.

सुरक्षिततेविषयी चार शब्द ठळकपणे सांगणे आमचे कर्तव्य आहे. १२ व्होल्टचा धक्का बसत नाही, हे खरे. परंतु एसएमपीएसच्या दुसऱ्या टोकास २३० व्होल्ट आहेत, आणि स्वस्त एसएमपीएसचे स्क्रू उघडे असतात. कार्तिकात दव पडते, कधी परतीचा पाऊसही येतो, आणि गोव्यातील खारी हवा उघड्या सांध्यांना हिरवा गंज चढविते. म्हणून एसएमपीएस बंद, जलरोधक पेटीत, माणसाच्या व मुलांच्या हातापासून दूर ठेवावा. त्याचे अर्थिंग केलेले असावे. रोषणाईच्या मार्गावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असावा. विजेची गळती होताच तो मार्ग तोडतो. उघड्यावरील माळा निदान आयपी६५ दर्जाच्या घ्याव्यात. म्हणजे त्यात धूळ शिरत नाही व पाण्याचा फवारा बाधत नाही. २३० व्होल्टच्या बाजूचे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे. आणि रोषणाईचा खटका सभामंडपाच्या खटक्याहून अगदी वेगळा असावा. गेल्या वर्षी हा एक खटका वेगळा असता, तर ती वृद्ध भगिनी घसरली नसती.

५. प्रकाशाची मर्यादा

गोव्याच्या देवालयांत नवरात्रात मखरोत्सव होतो. सजविलेल्या मखरात श्री विराजमान होतात आणि वाद्यांच्या गजरात मखर झुलते. त्या वेळी सर्वांची दृष्टी एका ठिकाणी खिळलेली असते. बाहेर शिखरावर दिवे धावत असले, तरी सभामंडपातील प्रकाशाने त्या क्षणी स्थिर राहिले पाहिजे. नाट्यात सूत्रधार प्रारंभी येतो, प्रयोग सुरू करून देतो आणि बाजूला होतो. सबंध नाटकभर तो रंगमंचावर नाचत राहिला, तर प्रेक्षक कंटाळतील. कंट्रोलरची योग्यता आम्ही यावरून ठरवू, की त्याला बाजूला होण्यास किती लवकर सांगता येते.

म्हणून केवळ तीन मांडण्या साठवून ठेवाव्यात, असे आम्ही सुचवितो. पहिली 'उत्सव', तीत रंग हळूहळू बदलत राहावेत. दुसरी 'पालखी', तीत सर्व दिवे समईच्या ज्योतीसारखे मंद पिवळे व स्थिर. तिसरी 'रात्र', तीत केवळ महाद्वार व पायऱ्या दिसतील एवढाच प्रकाश. ही तिसरी मांडणी रात्री १० वाजता आपोआप लागावी. २००० सालच्या ध्वनिनियमांनी रात्री १० ते पहाटे ६ ध्वनिक्षेपकांवर बंधन आहे. प्रकाशालाही आपण स्वतः तेवढी मर्यादा घालून घेतली, तर शेजारची घरे, झाडांवरचे पक्षी व देवालयाचे वीजबिल, तिन्ही सुखी राहतील. जलद लुकलुकणाऱ्या मांडण्या मुळीच ठेवू नयेत. अपस्माराच्या काही रोग्यांना त्या बाधतात, आणि गर्दीत पायरी पाहून उतरणाऱ्या प्रत्येकाला त्या चकवितात.

आणि दीपस्तंभावर एकही पिक्सेल लावू नये. साखळीच्या विठ्ठलापूर येथे त्रिपुरारीस वाळवंटी नदीत सजविलेल्या नौका सोडतात. तेथे पाण्यावरील प्रकाशाची मौज भोवतालच्या अंधारामुळेच आहे. आपल्या दीपस्तंभाच्या पणत्यांनाही भोवती थोडा अंधार हवा. त्या लावल्या जात असताना शिखर 'पालखी' मांडणीवर मंद ठेवावे.

६. आपल्या देवालयापुरते

वरील विचारांवरून आमचे मत असे बनले आहे. शिखरास ५०० पिक्सेल, सभामंडपाच्या पागोळीस ५०० व महाद्वारास २००, असे १,२०० पिक्सेल आपणांस पुरे आहेत. कार्यालयापासून या तिन्ही जागा दूर असल्याने एकाच पेटीतून लांब तारा ओढण्यापेक्षा प्रत्येक जागी एकेक ईएसपी३२ पाटी, हुकूम उचलणाऱ्या चिपसह, बसवावी. ५०० पिक्सेलना १५ मिलिसेकंद लागतात. म्हणजे प्रकाश मऊ वाहील. शिखरास व सभामंडपास प्रत्येकी ३५० वॅट भार येत असल्याने दोन-दोन, आणि महाद्वारास १४० वॅटसाठी एक, असे पाच एसएमपीएस लागतील. मांडण्या पाटीतच साठविलेल्या असल्यामुळे जत्रेच्या गर्दीत शेकडो मोबाईलांपायी वायफाय मंदावले, तरी रोषणाई चालूच राहील. आणि एक जागा बिघडली तरी उरलेल्या दोन उजळत राहतील. पणत्यांचा गुण विजेच्या माळेत आणण्याचा हा आमचा प्रयत्न आहे.

तथापि या यादीहून पुढील चार गोष्टी अधिक मोलाच्या आहेत. मांडण्या साठविलेली चौथी पाटी व ५० पिक्सेलची एक माळ राखीव ठेवावी. प्रत्येक पाटीजवळ मोबाईलशिवाय मांडणी बदलणारे साधे बटण असावे. डब्ल्यूएलईडीत तशी सोय आहे. जोडणीचा नकाशा, परवलीचे शब्द व 'अमुक झाल्यास तमुक करावे' असा एक कागद मराठीत लिहून कार्यालयाच्या कपाटात ठेवावा. आणि हे सारे निदान तीन सभासदांना यावे. त्यांतील एक भगिनी असावी, कारण उत्सवात पुरुष मंडळी पालखीबरोबर निघून जातात. त्रिपुरीच्या आठ दिवस आधी रंगीत तालीम घ्यावी, आणि तीत मुद्दाम एक तार काढून पाहावी. जो बिघाड तालमीत दुरुस्त केला आहे, त्याची उत्सवात धास्ती राहत नाही.

तरुण सभासदांनी पुढील तीन प्रश्न सोडवून कार्यालयात आणून दाखवावेत. एक : ३०० पिक्सेलच्या माळेस हुकूम पोहोचविण्यास किती काळ लागेल? दोन : १,२०० पिक्सेलसाठी किती युनिव्हर्स लागतील? तीन : माळेतील ४१ व्या पिक्सेलपासून पुढचे सर्व दिवे एकदम विझले, तर प्रथम कोणते दोन पिक्सेल तपासाल, आणि का? ज्यांची उत्तरे बरोबर येतील, त्यांतूनच यंदाचे तीन जण निवडावेत, अशी विनंती आम्ही कार्यकारी मंडळास करीत आहोत.

पूर्वी दीपस्तंभ लावणारे हात घराण्याघराण्यांत शिकविले जात. मूल प्रथम वात वळावयास शिके, मग तेल घालावयास, आणि पुष्कळ वर्षांनी त्याच्या हाती काकडा येई. विजेच्या दिव्यांचीही अशीच परंपरा आपण घालून दिली, तर कंट्रोलर कोणताही असो, उत्सवाचे सूत्र आपल्याच हाती राहील. येत्या त्रिपुरीस शिखर शांतपणे उजळावे, पालखीपुढे ते नम्र व्हावे, आणि कोणाचेही पाऊल अंधारात पडू नये, हीच श्रींच्या चरणी प्रार्थना.